पोळी सोडली, तरी बरं का वाटत नाही?

प्रश्न: वय ३७. राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीला. गेली काही वर्षं माझं हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळले होते. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी आणि एंडोस्कोपी करायला लावली, त्यात सिलिॲक निघालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार. ‘गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद’ एवढं सांगून त्यांनी हातात एक छापील कागद दिला. आज बारावा दिवस. वाटलं होतं, आठवड्याभरात टवटवीत होईन. झालं उलटंच. पहिले पाच-सहा दिवस डोकं नुसतं ठणकत होतं. आता ते कमी आहे, पण अंगात त्राण नाही, पोट गच्च असतं, तीन-तीन दिवस साफ होत नाही आणि संध्याकाळी घरी आले की मुलावर उगाच खेकसते. सासूबाई म्हणतात, ‘लहानपणापासूनची सवय ती, एकदम तोडलीस म्हणून अंगावर आलं. दोन पोळ्या खा, बरं वाटेल.’ नवऱ्याने वाचलंय की दारू सोडल्यावर होतो तसा त्रास ग्लूटेन सोडल्यावरही होतो. खरं आहे का? अर्धी पोळी खाऊन बघू का? नेरूळला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचंही पोट फुगतं. माझं ऐकून तिनेही आठवड्यापूर्वी गहू सोडला आणि ती मात्र मजेत आहे! सोबत माझं एका दिवसाचं खाणं लिहून पाठवतेय.
ता. क. पुढच्या महिन्यात डोंबिवलीला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. तिथे मी काय जेवायचं?

उत्तर:

ताई, अर्धी पोळी नको. पाव पोळीही नको. खाण्याचा कागद पाठवलात हे मात्र फार बरं केलंत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर तुमच्याच अक्षरात लिहिलेली आहेत.

आधी तुमच्या यजमानांनी वाचलेलं. ग्लूटेन पचताना त्याचे काही तुकडे, मेंदूत अफू ज्या जागांना चिकटते त्याच जागांना चिकटू शकतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. तिथून उडी मारून लोक ‘म्हणजे पोळीचं व्यसन लागतं’ इथवर पोचतात. माणसांमध्ये ग्लूटेन सोडल्यावर व्यसन सुटल्यासारखा त्रास होतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. वैद्यकाच्या पुस्तकात त्या नावाचा आजार नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत डोकं दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं, मळमळ, चिडचिड ही तक्रार अनेक जण करतात, तेव्हा तुम्हाला होतंय ते मनाचे खेळ आहेत असं मुळीच म्हणत नाही. त्रास खरा आहे. माझ्या मते तो गहू गेल्यामुळे होत नाहीये. गव्हाच्या जागी तुमच्या ताटात जे आलं, आणि जे आलंच नाही, त्यामुळे होतोय. आणि हो, गहू अजून पुरता गेलेलाही नाही. ते कसं, ते पुढे सांगते.

डोकेदुखीपासून सुरुवात करू. तुम्ही लिहिलंय, ‘आधी चार-पाच कप चहा व्हायचा, आता सकाळी अर्धा कप, कारण बिस्किटाशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.’ म्हणजे ज्या दिवशी पोळी सुटली त्याच दिवशी चहाही जवळजवळ सुटला. चहातलं कॅफिन एकदम तोडलं की एका दिवसाच्या आत डोकं धरतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि साधारण नऊ दिवसांत ते ओसरतं. तुमचं डोकं पाच-सहा दिवस ठणकलं आणि आता कमी आहे. हिशोब बरोबर जुळतो. बिचाऱ्या गव्हाने पुष्कळ छळलंय तुम्हाला, पण हा आळ त्याच्यावर नको. चहा दोन-तीन कपांवर आणा, सोबत भाजलेले शेंगदाणे किंवा चणे घ्या. फक्त लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. बायका आठ-आठ महिने गोळ्या घेतात आणि प्रत्येक गोळी चहाबरोबर गिळतात, हे मी रोज बघते.

आता पोट. आधी तुम्ही सकाळी दोन, डब्यात तीन आणि रात्री दोन अशा सात पोळ्या खात होता. सात पोळ्या म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅम कणीक. त्यातून तुम्हाला रोज अठरा-वीस ग्रॅम तंतू मिळत होते आणि जवळपास तेवढीच प्रथिनं. बाईमाणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तंतू लागतात असं धरलं, तर निम्म्याहून जास्त एकट्या पोळीतून येत होते. आणि आत्ताचा कागद काय सांगतो? सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी. डब्यात भात, पातळ आमटी, बटाट्याची काचऱ्या भाजी. पाच वाजता वेफर्स. रात्री एक ज्वारीची भाकरी आणि उरलेली भाजी. सकाळी आणि रात्री पेलाभर दूध. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्या खिचडीत काही जीव असेल तर तो दाण्याच्या कुटाचा. पॉलिशच्या भातात तंतू नावालाच. बटाट्याची भाजी सालं काढून केलेली. पोट साफ होणार कशाने? वर लोहाची गोळी चालू, ती तर बद्धकोष्ठासाठी प्रसिद्धच. आणि ऑफिसात दिवसभरात पाण्याची एक बाटली, तीही परत येताना अर्धी भरलेली असते असं तुम्हीच लिहिलंय.

संध्याकाळच्या चिडचिडीचं मूळही इथेच आहे. उपवासाचे पदार्थ ग्लूटेनचे नसतात हे खरं आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा सगळे चालतात, आणि आपल्याकडे ज्याला-त्याला पहिल्यांदा तेच सुचतं. पण वर्षातून काही दिवस उपवास करायचा म्हणून जे खायचं, ते रोजचं जेवण झालं की माणूस रोज उपाशी राहतो. साबुदाणा, भात, बटाटा यांनी रक्तातली साखर भरकन चढते आणि तितक्याच लवकर उतरते. साडेअकराला तुम्हाला भूक लागते, डबा एकला उघडता, चारपर्यंत पुन्हा पोट रिकामं. मग वेफर्सच्या पुडीवर ऐरोलीहून ठाण्याची गाडी पकडायची, स्टेशनबाहेर वडापावचा वास घेत रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, आणि दार उघडल्यावर समोर पहिला मुलगा. त्या वेळी माझ्या तोंडूनही गोड शब्द निघाले नसते.

तेव्हा सकाळच्या खिचडीऐवजी मुगाचं धिरडं किंवा नाचणीचं आंबील करा. आठवड्यातून दोनदा घावन किंवा आंबोळी, सोबत चटणी. डब्यात भात असू द्या, पण वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ हवीच, आणि बटाट्याच्या जागी दुधी, पडवळ, लाल भोपळा, पालेभाजी. अंडी आणि मासे खाता असं लिहिलंय, मग सोन्याहून पिवळं. फक्त मासे तळताना रव्यात घोळवायची सवय सोडा, तांदळाच्या पिठात घोळवा, तितकेच कुरकुरीत होतात. चार वाजता पिशवीत उकडलेलं अंडं, चणे किंवा राजगिऱ्याचा लाडू असू द्या. नाचणी मुद्दाम सांगतेय, कारण सिलिॲकमध्ये हाडंही ठिसूळ होऊ शकतात आणि १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं.

पण सोमवारपासून एकदम तीन भाकऱ्या आणि मोडाची उसळ सुरू कराल, तर मंगळवारी मला शिव्या द्याल. तुमच्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीवर असते तशी बारीक लव असते, अन्न शोषून घेण्याचं काम तिचं. सिलिॲकमध्ये ती लव झडून अस्तर सपाट होतं. अशा आतड्याला एकाएकी भरपूर तंतू दिले की गॅस होतो आणि मग ‘भाकरीही सोसत नाही’ असा समज होऊन माणूस पुन्हा भातावर येतो. एक भाकरी आहे ती दीड करा, चार-पाच दिवसांनी दोन. कडधान्यांपैकी आधी मूग आणि मसूर, चवळी-वाटाणा नंतर. आणि पाणी वाढवल्याशिवाय तंतू वाढवू नका, नाहीतर पोट अजून गच्च होईल.

दूधही सध्या थांबवा. ताकद यावी म्हणून दोन पेले सुरू केलेत, ते समजतं. पण दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य त्या लवेच्या टोकाशीच तयार होतं. लव झडली की ते आटतं आणि दूध पोटात आंबतं. पोट गच्च होण्यात दुधाचा वाटा मोठा असणार. दही आणि ताक बहुतेकांना चालतं. काही महिन्यांनी अस्तर भरून आलं की बऱ्याच जणांना दूध परत पचायला लागतं, तेव्हा कायमचा निरोप देऊ नका.

आता तो अजून न गेलेला गहू.

तुमच्या कागदावर रात्रीच्या दुधापुढे कंसात लिहिलंय, ‘मुलाची चॉकलेटची पावडर दोन चमचे’. तो डबा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. अशा बहुतेक पावडरींमध्ये माल्ट असतं. माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव आणि जवात ग्लूटेन आहे. म्हणजे दिवसभर निगुतीने पाळायचं आणि झोपताना पेलाभर ग्लूटेन प्यायचं, असं बारा दिवस चाललंय.

दुसरं म्हणजे तुमची भाकरी. ज्वारी तुम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणता. ज्वारीचं काही चुकलेलं नाही, पण त्याच जात्यावर तुमच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू उतरलेला असतो. गिरणीत पाऊल टाकलं की केसांवर जी पांढरी पूड बसते, ती कणीकच असते. वर ओतायच्या चाडीत गव्हाचे दाणे अडकलेले असतात, खाली पीठ ज्या कापडी नळीतून डब्यात पडतं ती नळी आतून कणकेने माखलेली असते. गिरणीवाले काका सज्जन असतील, ‘ताई, आधी साफ केलं’ म्हणतीलही, आणि त्यांनी खरंच केलं असेल. ते पुरत नाही. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असलं तर पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिता येत नाही. किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

मग करायचं काय? सर्वांत चांगलं म्हणजे घरी छोटी घरघंटी घ्यायची आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही. खर्च आहे, पण हा पथ्याचा महिना-दोन महिन्यांचा प्रश्न नाही, म्हणून मी त्याला चैन म्हणणार नाही. शेजारणीची घरघंटी मागू नका, तीही गव्हाचीच असते. तोवर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ पाकिटातलं आणा. किंवा जांभळी नाक्यावरून अख्खे तांदूळ आणि नाचणी आणून, निवडून, धुऊन, वाळवून, थोडं-थोडं मिक्सरमध्ये फिरवून चाळून घ्या. भाकरी जरा रवाळ होते, पण होते. सुटं पीठ मात्र दुकानातून नको.

तिसरं हिंग. डबीतलं हिंग शुद्ध नसतं, त्यात पीठ घातलेलं असतं आणि पुष्कळ वेळा ते गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाचं पीठ घातलेलं हिंगही मिळतं, डबीवर तसं छापलेलं असतं, ते आणा. चिमूटभरच तर घालतो, असं म्हणू नका, आपण ती चिमूट वरणात, भाजीत, ताकात, लोणच्यात अशी दिवसातून चार वेळा घालतो.

मराठी स्वयंपाकघरात असे बरेच लपलेले गहू असतात. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो, भाजणी घरी करा आणि गहू वगळा, चवीत फार फरक पडत नाही. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. शेवया, लापशी, सातूचं पीठ, सगळं बाद. आणि कुणी कौतुकाने खपली गहू आणून दिला, ‘हा जुन्या जातीचा, हा चालतो’ म्हणून, तर आभार मानून घरातल्या बाकीच्यांना खायला घाला. खपलीतही ग्लूटेन आहे. तो मधुमेहासाठी चांगला की वाईट हा वाद वेगळा, सिलिॲकला तो अजिबात चालत नाही.

घरातल्या इतरांनी पोळी सोडायची गरज नाही. पण आधी तुमची भाकरी होऊ दे, मग पोळ्या. परात, पोळपाट, लाटणं तुमचं वेगळं ठेवा, लाकडाच्या चिरांत कणीक बसते आणि घासून निघत नाही. तुपाच्या भांड्याकडेही बघा. पोळीवर फिरवलेला चमचा पुन्हा तुपात जातो आणि तेच तूप तुमच्या भातावर येतं. तुमची तुपाची वाटी निराळी काढा, विषय संपला.

आता थकव्याबद्दल थोडं कडू बोलते. तो बारा दिवसांत जाणारच नव्हता. हिमोग्लोबिन साडेआठ-नऊवर असलेली बाई ठाणे स्टेशनचा जिना चढते हेच पुष्कळ झालं. लोह नीट शोषलं जायला लागलं की दोन-चार आठवड्यांत आकडा वर यायला लागतो, शरीरातला साठा भरायला महिने जातात. पोटाच्या तक्रारी बहुतेकांच्या काही आठवड्यांत हलक्या होतात. टीटीजीचा आकडा सहा महिने ते वर्षात बराच खाली येतो, आणि मोठ्या माणसांत आतड्याचं अस्तर पुरतं भरून यायला दोन वर्षंही लागू शकतात. डॉक्टरांना विचारून बी १२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. सिलिॲकबरोबर थायरॉइडचा त्रास पुष्कळदा असतो आणि थकवा, बद्धकोष्ठ, उदासी ही त्याचीही लक्षणं आहेत. लोहाच्या गोळीने फारच त्रास होत असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून दुसऱ्या प्रकारची लिहून घ्या.

सारख्या उलट्या, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी आणि चिकट शौच, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप लागणं, पावलांना सूज, हातापायात गोळे येणं, वजन घसरत जाणं, यांपैकी काही झालं तर माझ्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते, तेवढ्याने घाबरू नका, पण शंका आली तर दाखवा.

सासूबाईंवर रागावू नका. पोळी खाऊन तुम्हाला दोन दिवस बरं वाटेलही, कारण तंतू आणि पोटभर जेवण परत येईल. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. त्यांना विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांची गोष्ट सांगा. अशा आजारी मुलांचं गव्हाशी काहीतरी वाकडं आहे अशी शंका त्यांना आधीपासून होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश वाळत होता आणि ही मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला आणि ती पुन्हा ढासळली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला, आणि आज तुमच्या हातातला तो छापील कागद त्याच कामातून आलेला आहे. सिलिॲकमध्ये थोडा गहू म्हणजे थोडी इजा, आणि ती दर वेळी जाणवतेच असं नाही. म्हणून ‘अर्धी खाऊन बघते’ या प्रयोगाला अर्थ नाही. काही झालं नाही तरी आत काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

एक गोष्ट मात्र पथ्याच्या कागदावर नसते. रविवारी सगळे मामलेदारची मिसळ खायला निघाले आणि तुम्ही ‘तुम्ही जाऊन या’ म्हणालात, असं पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या ओळीपाशी मी थांबले. वाईट वाटणं साहजिक आहे, वाटू द्या. पण घरात राहू नका. सोबत जा, पर्समध्ये काहीतरी खायचं असू द्या. आणि उसळ-मिसळ घरी करा, बेसनाची शेव घरच्या कढईत, तांदळाचं पीठ घातलेल्या हिंगाची फोडणी, पावाच्या जागी आंबोळी. मी खाल्लीय, पावाची उणीव जाणवते, मिसळीची नाही.

आता नेरूळच्या बहिणीचं, आणि हे माझ्या मते सगळ्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं आहे. तिला आजच फोन करून सांगा, पुन्हा पोळ्या खायला लाग. सिलिॲकची रक्ताची तपासणी आणि बायॉप्सी माणूस गहू खात असतानाच खरं बोलते. गहू सोडला की हळूहळू प्रतिपिंडं उतरतात, अस्तर सुधारतं आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो, आजार असूनही. मग आयुष्यभर कळतच नाही की आहे की नाही. नंतर तपासायचं म्हटलं की मुद्दाम काही आठवडे गहू खायला लावतात आणि तेव्हा तो सोसवत नाही. सख्ख्या नात्यात एकाला सिलिॲक असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता साधारण दहांत एक असते, इतर लोकांत ती शंभरात एकाच्या आसपास. आठवडाच झालाय, काही बिघडलेलं नाही. पण किती दिवस गहू खाऊन तपासायचं हे तिच्या डॉक्टरांनी ठरवू दे. टीटीजीबरोबर एकूण आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचं प्रमाण) हीही तपासणी करायला सांगा, कारण ते मुळातच कमी असलं तर टीटीजी फसवते. तुमच्या मुलाचीही तपासणी त्याच्या डॉक्टरांशी बोलून करून घ्या, आणि तोवर त्याची पोळी बंद करू नका.

तपासणीत काही निघालं नाही तर मग ग्लूटेन हा कदाचित दोषी नसेलच. गव्हात फ्रुक्टान नावाची एक शर्करा असते, ती काहींच्या पोटात फसफसते. तीच कांद्यात आणि लसणात असते. गहू सोडताना तिने बाहेरचं खाणं, पाव, समोसे, कांदा-लसणाची ग्रेव्हीही सोडली असणार. बरं नक्की कशाने वाटलं, ते तिलाही सांगता येणार नाही.

ता. क. चं उत्तर. लग्नाच्या पंगतीत पुरी आणि जिलबी तर उघडच गेली. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा हे दिसायला निर्धोक, पण तिघांतही हिंग, आणि केटररचं हिंग कुठलं हे कुणाला माहीत नसतं. कुरडई गव्हाचीच, आणि पापड पुरीच्याच तेलात तळलेले. उरतो साधा भात, घरचं तूप, साधं दही, काकडी आणि केळं. तेव्हा आपली भाकरी आणि कोरडी भाजी डब्यात न्या, वर भात-दही घ्या, आणि पंगत बसायच्या आधी, वाढप्याचा पुरीचा हात भाताला लागायच्या आत, भात वेगळा काढून घ्या. नणंदेला आत्ताच फोन करून सगळं सांगून ठेवा. लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलंत तर तिला ऐकायलाही वेळ नसेल आणि केटररला तर नक्कीच नसेल.